पाव आण्याच्या कार्डावरचा घरचा पत्ता

रायपूरच्या कुठल्याही मराठी घरात विचारून बघा, "तुम्ही मूळचे कुठले?" उत्तर पटकन मिळतं. "आम्ही नागपूरकडचे." "आमचं मूळ वऱ्हाडात." "पणजोबा रेल्वेत होते, तेव्हापासून इथेच." पण "गाव कोणतं?" असं विचारलं की घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, "आजीला ठाऊक होतं."

होतं. आता आजी नाही, किंवा आहे पण तिला नीट आठवत नाही.

आमच्या घरी आजी आहे, पण कागद नाहीत. माळ्यावर एका तारेत ओवलेली पोस्टकार्डं होती. मी शाळेत असताना घर रंगवायला काढलं आणि ती तार वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी मला कळलं की जुनी, लिहिलेली पोस्टकार्डं ऑनलाइन विकायला असतात. वाटलं, आपल्या तारेतलं एखादं सापडेल. ते सापडलं नाही. पण शोधता शोधता जे हाती आलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्या घराच्या शोधात ते उपयोगी पडेल.

इथल्या घरांना कार्डंच का हवीत?

रायपूरची मराठी माणसं एका दिवसात इथे आली नाहीत. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. १८१८ नंतर ब्रिटिशांनी मुख्यालय रतनपूरहून रायपूरला आणलं. मग नागपूरहून रेल्वे आली आणि तिच्याबरोबर रेल्वेतले बाबू आले. रायपूर तेव्हा 'सी.पी.' म्हणजे मध्य प्रांतात होतं आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे शिक्षक, वकील, कारकून यांच्या बदल्या होत राहिल्या. १९५५ नंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला, तेव्हा आणखी एक लाट आली.

माधवराव सप्रे हे याच इतिहासातलं मोठं नाव. मराठी घरातला हा माणूस दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मला. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं आणि १९२६ मध्ये रायपुरात देह ठेवला. आज शहरात त्यांच्या नावाची शाळा आहे. सप्र्यांचं चरित्र पुस्तकांत मिळतं. तुमच्या-माझ्या पणजोबांचं कोण लिहिणार? त्यांनी मागे ठेवलं ते एकच, पत्रव्यवहार.

आणि पत्रव्यवहार म्हणजे बहुतेक वेळा पोस्टकार्डच. जगातलं पहिलं पोस्टकार्ड १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी आलं. किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. एका पैशात रायपूरची खुशाली वर्ध्याला पोचायची. पाकिटापेक्षा स्वस्त, म्हणून सामान्य घरांनी तेच धरून ठेवलं.

वंशावळ बघितली तर तिथे बहुतेक मुलग्यांचीच नावं असतात. मुली लग्न होऊन गेल्या की कागदावरून पुसल्या जातात. सुना येतात त्या नव्या नावाने. पोस्टकार्डावर मात्र माहेरची माणसं मुलीला जुन्याच नावाने हाक मारतात. वंशावळीत नसलेल्या बायका कार्डावर सापडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

कार्डाचं वय कसं ओळखाल?

जुन्या कार्डावरचा शिक्का पुष्कळदा पुसट असतो. साल वाचता येत नाही. घाबरू नका, कार्ड स्वतःच बोलतं. पुढच्या खुणा बघा.

• छापील तिकिटावरचा चेहरा: व्हिक्टोरिया राणी असेल तर कार्ड पहिल्या पिढीतलं. त्यानंतर सातवा एडवर्ड, मग पंचम जॉर्ज, आणि १९३६ मध्ये गादीवर आलेला सहावा जॉर्ज. स्वतंत्र भारताचं त्रिमूर्तीचं कार्ड डिसेंबर १९४९ मध्ये आलं. मात्र जुना साठा लोक नंतरही वापरत, म्हणून चेहऱ्यावरून एवढंच कळतं की कार्ड याच्या आधीचं नाही.

• किंमत: पाव आण्याचं कार्ड १९२२ मध्ये अर्ध्या आण्याला झालं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. किमतीत 'नये पैसे' छापलेलं असेल तर ते कार्ड त्यानंतरच्या काळातलं, कारण जून १९६४ मध्ये त्यातला 'नये' हा शब्द गेला.

• पत्त्यातलं राज्य: ही खूण मला सगळ्यांत जास्त आवडते. 'रायपूर, सी.पी.' असेल तर १९५० च्या आधीचं. 'रायपूर, म.प्र.' म्हणजे १९५० ते २००० च्या मधलं. १ नोव्हेंबर २००० नंतर 'छ.ग.'. नागपूरचं तर आणखी मजेशीर आहे. नागपूरपुढे 'म.प्र.' दिसलं तर कार्ड नक्की १९५० ते १९५६ मधलं, कारण नोव्हेंबर १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं.

• पिन कोड: सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो योजला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी, जे संस्कृतचे पंडितही होते. पत्त्यात ४९२००१ दिसलं तर कार्ड १९७२ च्या नंतरचं.

• मिती: 'श्रावण शु. ५ शके १८५८' असं लिहिलेलं असेल तर शकात ७८ मिळवा, १९३६ साल येईल. जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांत मात्र ७९ मिळवावे लागतात. इथल्या हिंदी पत्रांत विक्रम संवत असतो. त्यातून ५७ वजा करा, साधारण साल मिळतं.

• मधलं भोक: कार्डाच्या मध्यभागी बारीक भोक असेल तर फाटलं म्हणून नाक मुरडू नका. ते घरच्या किंवा दुकानाच्या तारेत ओवलेलं कार्ड आहे. म्हणजे कुणीतरी ते जपून ठेवलं होतं.

मायन्यात लपलेली नाती

आपल्या मराठी पत्रांत मायना ठरलेला असायचा आणि तो नातं सांगून जातो. शाळेत पत्रलेखन शिकताना आपण कंटाळलो असू, पण इथे तेच कामाला येतं.

'तीर्थरूप' हे स्वतःच्या आईवडिलांना. 'तीर्थस्वरूप' हे इतर वडीलधाऱ्यांना. म्हणजे 'ती. स्व. काका' असं असेल तर लिहिणारा पुतण्या, पण 'तीर्थरूप बाबा' असेल तर मुलगा किंवा मुलगी. 'चि.' हा लहानांसाठी. 'सौ.' म्हणजे नवरा हयात आहे. त्याच बाईच्या नावाआधी पुढच्या कार्डावर 'गं. भा.' आलं, तर त्या दोन कार्डांच्या मधल्या काळात तिचा नवरा गेला. 'कै.' दिसलं तर तो माणूस कार्ड लिहिण्याआधीच गेलेला. एकही तारीख नसताना केवळ या दोन-दोन अक्षरांवरून घरातल्या घटनांचा क्रम लावता येतो.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे निधनाची बातमी. ते वाचून लगेच फाडून टाकायची पद्धत होती, घरात ठेवत नसत. म्हणून अशी कार्डं फार कमी उरली आहेत. एखादं मिळालं तर मृत्यूची तिथी, सुतकाचे दिवस, तेराव्याला कोण येणार, असं बरंच काही एकाच कार्डावर सापडू शकतं.

पत्ताही नीट वाचा. 'तात्यापारा', 'बूढापारा' यातला 'पारा' म्हणजे छत्तीसगडीत वस्ती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'मु. पो.' असेल तर त्या गावात पोस्ट होतं. नुसतं 'मु.' आणि पुढे वेगळं 'पो.' असेल तर गाव लहान आणि पोस्ट शेजारच्या गावात. जिल्हा तपासताना सावध राहा. 'जि. भंडारा' लिहिलेलं गाव आज गोंदिया जिल्ह्यात असू शकतं, कारण गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला. 'जि. चांदा' म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि त्यातला काही भाग १९८२ पासून गडचिरोलीत आहे.

कार्ड मोडीत असेल तर? खूप जुनी कार्डं मोडीत असतात. फोनमधली ॲप्स हाताने लिहिलेली मोडी वाचतील या भरवशावर राहू नका. मोडी शिकवणारे वर्ग महाराष्ट्रात भरतात, काही ऑनलाइनही असतात. तोवर एखाद्या मोडी वाचकाला स्वच्छ फोटो पाठवा.

ऑनलाइन शोधायचं कसं?

इथे पहिल्यांदा शोधणारे सगळे एकच चूक करतात. मीही केली. मी आमचं आडनाव टाकून शोधलं. काहीच आलं नाही. कारण विकणाऱ्याला तुमच्या पणजोबांशी देणंघेणं नसतं. तो कार्ड विकतो ते तिकीट, राजा आणि शिक्का बघणाऱ्या संग्राहकाला. म्हणून तुम्हीही त्याच्या भाषेत शोधायला हवं.

'पोस्टल स्टेशनरी', 'यूज्ड पोस्टकार्ड' असे शब्द घ्या आणि पुढे गावाचं नाव जोडा. ईबेवर, संग्राहकांसाठी असलेल्या डेलकँप या बेल्जियमच्या वेबसाइटवर आणि फेसबुकवरच्या संग्राहकांच्या ग्रुपमध्ये असा शोध घेता येतो.

गावाचं स्पेलिंग मात्र जुनं वापरा. शिक्क्यावर इंग्रजांच्या काळातलं स्पेलिंग असतं. दुर्गचं जुनं स्पेलिंग डी-आर-यू-जी असं होतं. नुसतं तेवढंच टाकाल तर भलतंच समोर येईल, पुढे 'सी.पी.' जोडा! अमरावतीच्या शेवटी तेव्हा ए-ओ-टी-आय लिहीत. कामठीच्या शेवटी डबल ई असायचे आणि मध्ये एक पी. जबलपूरच्या स्पेलिंगमध्ये दोन बी आणि शेवटी पी-ओ-आर-ई. रायपूर नावाची गावं देशात इतरही आहेत, बंगालमध्ये आहे, डेहराडूनजवळ आहे. म्हणून शिक्क्यावर किंवा पत्त्यावर 'सी.पी.' किंवा 'म.प्र.' दिसतंय का ते बघूनच पुढे जा.

चित्रांची पोस्टकार्डं वेगळी. त्यांच्या एका बाजूला देऊळ, स्टेशन, बाजार अशी छायाचित्रं किंवा चित्रं असतात. म. वि. धुरंधरांसारख्या नामांकित चित्रकाराचीही पोस्टकार्डं निघाली होती. ती सुंदर असतात, महागही असतात. ओमर खान यांचं 'पेपर ज्वेल्स' हे २०१८ मधलं पुस्तक अशाच कार्डांवर आहे. आपलं गाव शंभर वर्षांपूर्वी कसं दिसायचं हे बघायला ती छान. पण घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर साधं, पिवळं पडलेलं, दाट अक्षरांचं पोस्टाचं कार्डच घ्या. दिसायला गरीब, पण माहिती त्याच्याकडेच.

विकत घेण्याआधी

दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो मागा. पुष्कळ विक्रेते फक्त तिकिटाची बाजू दाखवतात. मजकुराची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

'हे कार्ड एकटंच आहे की याच घरातली आणखी आहेत?' हा प्रश्न नक्की विचारा. एका तारेतली कार्डं सुटी सुटी विकली गेली की त्यांचा अर्थ निम्मा होतो. एका कार्डात प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर दुसऱ्यात.

टपालखर्च आधी विचारा. वेबसाइटच्या बाहेर आगाऊ पैसे पाठवू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका. दर महिन्याचा एक आकडा ठरवा आणि त्याच्या पुढे जाऊ नका, कारण हा नाद वाढत जातो. आणि कितीदा तरी विकत घ्यायची गरजही नसते. तुम्हाला माहिती हवी आहे ना? मग फोटो उतरवून ठेवला तरी काम होतं.

कार्डातून गाव कळलं की पुढची वाट मोकळी होते. नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावानुसार आणि आडनावानुसार पिढ्यांची नोंद असते. तिथे गाव सांगितल्याशिवाय पान उघडत नाही. कार्ड तुम्हाला ते गाव देतं.

मला सापडलेलं कार्ड

गेल्या वर्षी ऑनलाइन शोधताना एका कार्डावर नजर थांबली. पत्त्यात 'तात्यापारा, रायपूर (म.प्र.)'. विक्रेता दुसऱ्याच राज्यातला. शिक्क्यातलं साल पुसलेलं. कार्ड त्रिमूर्तीचं. पाठवणाऱ्याने वर लिहिलं होतं 'नागपूर (म.प्र.)'. म्हणजे १९५० ते १९५६ मधलं, हे मला लगेच कळलं. आडनाव आमचं नव्हतं. तरी मी ते घेतलं. तात्यापारा आमचाच ना!

पत्ता होता जावयाच्या नावाने. मजकूर मात्र मुलीसाठी. वडिलांनी लिहिलं होतं की बाळंतिणीसाठी डिंक आणि अळीव घेऊन रात्रीच्या गाडीने निघतो आहे, थंडी फार आहे, स्टेशनावर कुणी येऊ नये. आणि शेवटी, जागा संपली म्हणून कडेने उभ्या ओळीत मुलीचं लाडकं नाव घेऊन, 'बाळाला नीट पांघरूण घाल.'

मी ते कार्ड आजीला वाचून दाखवलं. आजी लग्न होऊन रायपूरला आली ती त्यानंतर काही वर्षांनी. तिने आडनाव ऐकलं, पत्ता पुन्हा वाचायला सांगितला आणि म्हणाली, "अगं, ही तर पलीकडच्या बोळातल्या काकूंची चिठ्ठी." काकू कधीच गेल्या. घर विकलं गेलं. कार्डातलं ते बाळ आता निवृत्त होऊन भिलाईला राहतं, हेही आजीलाच ठाऊक होतं.

आम्ही दोघी भिलाईला गेलो. त्या काकांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा शोधला, वाचलं. मग कडेच्या उभ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कुणाचं नाव?" आजी म्हणाली, "तुमच्या आईचं. माहेरचं." सत्तरीतल्या त्या माणसाला आपल्या आईचं माहेरचं नाव त्या दिवशी कळलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन नातीला बोलावून आणलं आणि तिला ते नाव वाचायला लावलं.

ते कार्ड आता त्यांच्याकडे आहे. पैसे देत होते, मी घेतले नाहीत. हिशोब केला तर मला तोटाच झाला. पण येताना गाडीत आजी आपणहून तिच्या माहेरच्या गावाबद्दल बोलायला लागली. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. आमच्या हरवलेल्या तारेतलं निम्मं त्या एका तासात परत मिळालं.

तुमच्या माळ्यावरचं आधी

म्हणून ऑनलाइन जाण्याआधी घरात बघा. माळा, पत्र्याची पेटी, देवघराखालचा खण, जुन्या पंचांगांच्या पानांत. सापडलेल्या कार्डांची तार सोडवण्याआधी ती कुठल्या क्रमाने ओवली होती ते लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात, सावली न पाडता काढा. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. फाटलं असेल तर सेलो टेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. वर काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने. ओल आणि वाळवी यांपासून लांब, साध्या कागदी पाकिटात ठेवा. फोटोच्या फाइलला साल, गाव आणि नातं असं नाव द्या, नाहीतर शुभ सकाळच्या फोटोंत तेही हरवतील.

दुसऱ्याच्या घरातलं कार्ड हाती आलं तर ते थेट फेसबुकवर टाकू नका. त्यात आजारपणं असतात, कर्जं असतात, भांडणं असतात. आधी त्या घरचं कुणी सापडतंय का बघा. रायपुरात असाल तर चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत ज्येष्ठ मंडळी जमतात. तिथे एक आडनाव उच्चारून बघा. कुठलीही वेबसाइट देणार नाही इतक्या वेगाने उत्तर येतं.

कार्ड अजून पन्नास वर्षं टिकेल. ते अक्षर ओळखणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत. आजी-आजोबा घरात असतील तर आज रात्री जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. एकच प्रश्न विचारा, "तुला माहेरी काय म्हणायचे?" आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा.